साहेबांचं डोकं माझ्या हातात
सभ्य स्त्री-पुरुषहो, माझ्या कवटीच्या इतिहासातला सर्वांत गंभीर प्रसंग आज जाहीर करतो. ओल्या गवताचा वास आला की बालाघाटच्या खाणीमागचं ते मैदान आठवतं. गोल्फचा चेंडू मारताना डोकं हलू नये, असं पुस्तकात वाचून साहेबांनी आपलं डोकं मला समोरून धरायला लावलं. मी नवा कारकून. नाही म्हटलं तर नोकरी जायची. पाय जुळवून उभे असलेले साहेब डुलत होते. लोखंडी काठी माझ्या कानाजवळून सूं करत वर गेली. हे सांगताना आजही हात कानांवर जातात. तेवढ्यात लाकडं फोडणारा म्हातारा माळी ओरडला, "साहेब, पहिले पाय फाकवून रोवा, नाही त चेंडूच्या पहिले बाबूचं डोस्कं उडन!"