टिटवीने यंदा कुठे अंडी घातली

टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावात उन्हाळ्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो: टिटवीने यंदा कुठे अंडी घातली? उंचावर घातली तर पाऊस चांगला, नदीच्या पात्रात घातली तर कमी. उत्तर द्यायचा मान शेजारच्या चाचांचा. नदीच्या वाळूत टरबुजांची वाडी लावण्यात त्यांचा जन्म गेला. मी लहान असताना पाणी चढले की ते मला खांद्यावर बसवून पलीकडच्या शाळेत पोचवत. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्या पदवीत त्या खांद्यांचाही वाटा आहे.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा वाडी नव्हती, कारण वाळूच उरली नव्हती. उपसा होऊन पात्र खोल गेले होते आणि काठ खालून पोखरून ढासळत होता. उभ्या दरडीखाली वाळूचा एक अरुंद पट्टा तेवढा राहिला होता. त्याच्या अगदी कडेला टिटवीची चार अंडी होती. मातकट, काळ्या ठिपक्यांची, खड्यांसारखी.

अंडी एकदम दूर नेली तर पक्षी ती सोडून देतो, असे मी कॉलेजात शिकलो होतो. म्हणून आम्ही दोघे रोज सकाळी ती थोडी थोडी आत सरकवायचो. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायची, मग गुपचूप येऊन बसायची.

चाचा हसायचे. "अंडी वर सरकवून राह्यला, बेटा. पावसाला फसवतो का काय?"

"पाऊस जादा झाला तर माझं नाव सांगू नका, चाचा."

"तुझंच सांगतो. बिलकुल सोडत न्हाई."

मग एका दुपारी वरच्या धरणातून पाणी सोडल्याचे कळले. आम्ही धावत गेलो. पाणी फार नव्हते, पण पट्टा खालून भिजला आणि आमच्या डोळ्यांदेखत खचला. मी पुढे झालो तसा चाचांनी दंड धरून मागे ओढले. गढूळ पाण्यात काहीच दिसले नाही. टिटवी ओरडत पाण्यावरच फिरत राहिली.

"अजून आत घ्यायला पाहिजे होती," मी म्हणालो.

"आत जागा कुठं होती?"

दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात एकाने विचारलेच, "चाचा, टिटवीनं यंदा कुठं घातली?"

चाचांनी बशी खाली ठेवली. "यंदा घातलीच न्हाई," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.