बानं ऐकलेला इंग्रजी धडा
घोंगडीला दिलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास आला, की मला निजामाच्या राजवटीतलं परभणीचं आमचं बोर्डिंग आठवतं. तिथं राहायला लागून मला वर्षच झालं होतं, तोच एका दुपारी खांद्यावर नवी घोंगडी टाकून माझा बा झरीहून पायी आला. "थोरला तापानं पडलाय. मला एकट्याला मेंढरं आवरंनात. चल घरी," म्हणाला. मी रडायलाच लागलो. आमचे शेरवानीतले हेडमास्तर त्याला म्हणाले, "ले जाओ, लेकिन पहले इसका पढना तो सुनो." बानं वर्गाबाहेर पायताण काढलं आणि हात जोडून दाराशी उभा राहिला. मी इंग्रजी पुस्तकातलं एक अख्खं पान न अडखळता वाचलं. थांबलो तसा तो पुढं आला, आणि पोथी वाचून झाल्यावर टेकवतात तसं त्यानं त्या पानावर कपाळ टेकवलं. सगळा वर्ग खिदळला. "खामोश!" हेडमास्तर कडाडले, आणि उठून त्यांनी स्वतःची खुर्ची बापुढं सरकवली. तो बसला नाही. "सायब, ह्याला आता मेंढरामागं कसा न्यावा? मी वळीन एकटाच," एवढंच बोलून तो आल्या वाटेनं निघाला. पुढं मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, लय जाडजूड पुस्तकं वाचली. पण ऐकणाऱ्याचा तसा चेहरा पुन्हा कुठं दिसला नाही. त्या पानावर एका मडमेचं मांजर हरवल्याची गोष्ट होती, हे मात्र मी त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.