ऊ ओन म्यिन यांची अंबाडी

आता तोक्योतल्या ताकादानोबाबा स्टेशनमागच्या आमच्या गल्लीत अंबाडी पाकिटातून मिळते. तरुण पोरं येतात, दोन पाकिटं उचलतात आणि वर 'जून दिसतेय' म्हणून नाकं मुरडतात. माझं डोकं फिरतं. त्यांचा तरी काय दोष म्हणा, त्यांनी ऊ ओन म्यिनना पाहिलेलं नाही.

मी इथे दुसऱ्या मजल्यावर सहा टेबलांची खानावळ काढली, तेव्हा तोक्योत आमचं बर्मी जेवण शोधत फिरावं लागायचं. ऊ ओन म्यिन माझ्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. हिन्थाडा गावचे भूगोलाचे मास्तर. विद्यार्थ्यांच्या चळवळीत नाव आलं म्हणून देश सोडला आणि इथे एका हॉटेलात भांडी घासायला लागले. परतीची वाट बंद, तिकडे म्हातारी आई. दर रविवारी यायचे, माशाच्या रश्शातल्या शेवया, म्हणजे आमचा मोहिंगा मागवायचे, आमच्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांचा मान म्हणून पहिला घास आईच्या नावानं बशीत काढायचे आणि मग विचारायचे, "लेकी, अंबाडी आली का गं?"

एकदा वैतागून मी पालक घेतला, त्यात जपान्यांचे खारवलेले आंबट प्लम कुस्करले, सुकट आणि बांबूचे कोंब टाकले आणि काही न बोलता पुढ्यात ठेवलं. त्यांनी ताट स्वच्छ केलं.

"पालक झकास झालाय."

मी आठवडाभर फुगून होते.

जेवण झालं की ते तिथूनच आईला फोन लावायचे. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून फोनचा आवाज मोठा, पलीकडचं बोलणं मलाही ऐकू यायचं. आई एकच चौकशी करायची.

"काय खाल्लंस?"

"अंबाडी."

"कशी होती?"

"छान होती."

"मास्तर ना तुम्ही, ऊले? म्हाताऱ्या आईशी खोटं बोलता?" मी एकदा टोचलंच. आमच्यात काकांना ऊले म्हणतात.

"मग काय सांगू, भांडी घासतो? अंबाडी खाल्ली म्हटलं की ती निवांत असते." मग हळूच म्हणाले, "पण एकदा खरी खाऊन सांगायचंय गं तिला. ती आहे तोवर."

मग कुणीतरी गावाहून मूठभर बी आणून दिलं. तोक्योशेजारच्या सैतामातल्या एका शेतकऱ्यानं त्यांना दोन वाफे वापरायला दिले. थिंजानचं, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाचं, पाणी खेळून झालं की अंबाडी टाकायची, हे त्यांच्या घरचं गणित. म्हणून एप्रिलात, थिंजानच्या दुसऱ्याच दिवशी, यांनी बी पेरलं. तिकडे तेव्हा अंगाची लाही होते, इथे रात्री रजई लागते. भूगोलाच्या मास्तरांना हे सुचू नये? बी जागच्या जागी कुजलं. मी हसले, आणि त्यांचा चेहरा पाहून ओशाळले. आईनं तेव्हा ऐंशी ओलांडली होती, आणि त्यांचं एक वर्ष वाया गेलं होतं.

नशिबानं थोडं बी मागे ठेवलं होतं. पुढच्या वर्षी शेतकऱ्यानं जूनपर्यंत त्यांना वाफ्याला हात लावू दिला नाही. जुलैतल्या एका रविवारी ते पिशवी छातीशी धरून आले. लालसर देठांची, कोवळी पानं. वासानंच मला माझं माहेर आठवलं आणि मी चक्क रडले.

भाजी होईस्तोवर ते चुलीपाशीच उभे. मी इतकी घाबरले की मीठ जास्त पडलं. त्यांनी आईचा घास काढला, दोन घास खाल्ले आणि लगेच फोन लावला.

"आई, अंबाडी खाल्ली."

"कशी होती?"

"कसली कशी! खारट करून ठेवलीय. आणि सुकट नीट भाजलेली नाही."

मी झारा घेऊन त्यांच्याकडे बघत राहिले.

"आज खरंच खाल्लीस होय रे?" म्हातारी म्हणाली.

ऊ ओन म्यिन खुर्चीत बसले.

"तुला ठाऊक होतं?"

"लहानपणी माझ्या हातच्या अंबाडीलासुद्धा नाव ठेवल्याशिवाय कधी जेवलास का? आणि तिथली म्हणे दर रविवारी छान."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगत होतास, मला बरं वाटत होतं. आता ठेव फोन आणि जेव. गार होईल."