चार चुलींची एक बादली

किस्से खरकट्यासारखेच साठतात. सकाळी तळाला चार देठ असतात, आणि संध्याकाळी बघावं तर बादली काठोकाठ! आमच्या पाथर्डीच्या शाळेमागच्या चाळीत चार बिऱ्हाडं होती आणि खरकट्याची बादली मात्र एकच. ती जायची शेजारच्या हमीदाभाभींच्या शेळीला, चंपीला. दुष्काळ पडलेला, पाला कुठे दिसत नव्हता. आणि आमच्या सात महिन्यांच्या रंजूला पावडरचं दूध पचत नव्हतं, गाईचंही नाही. डॉक्टर म्हणाले, शेळीचं द्या. तेव्हा चंपीच्या पोटात काय जातं, याची काळजी चंपीपेक्षा मलाच जास्त!

*

पहिल्याच दिवशी भाभींनी बजावलं, "मास्तरीणबाई, बादलीत आज जे पडंल, ते उद्या पोरीच्या वाटीत येनार. लसूण न्हाई, मिरचीचे देठ न्हाई, चहाचा चोथा न्हाई."

मी शिकलेली, त्यामुळे घाबरायला मला जास्त जमतं. सकाळ-संध्याकाळ बादली हुंगायला लागले. एकदा हे शाळेतून आले, तर माझं डोकं बादलीत. दारातच थांबून यांनी हळूच विचारलं, "घरात जेवण आहे ना?"

*

बादलीची स्वच्छता हा आणखी एक घोर. कोपऱ्यात आंबलेलं राहिलं तर? मी उकळत्या पाण्यानं धुवायचं ठरवलं. टँकर आला तर यायचा, अशी तेव्हाची स्थिती. भाभींनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"पानी मानसांनी प्यायचं का बादलीला पाजायचं?"

मग चुलीतली राख घेऊन त्यांनी बादली कोरडीच घासली आणि उन्हात पालथी घातली. संध्याकाळी मी हुंगून पाहिली. उन्हाशिवाय कसलाही वास नव्हता!

*

कोपऱ्यातल्या खोलीतल्या निर्मलाताई पुण्याच्या. त्यांच्याकडे पाहुणे येऊन गेले आणि उरलेला सगळा भात त्यांनी प्रेमानं चंपीपुढे ओतला. दुपारी चंपीचं पोट नगाऱ्यासारखं! ती खाली बसेना, रवंथ करीना. भाभी उन्हात बसून तिची कूस चोळत होत्या. निर्मलाताईंचे डोळे भरलेले.

"भाभी, मऊ भात होता हो!"

"मऊ तुमच्या पोटाला, ताई. हिला दगड हाय तो."

चंपी वाचली. पण ती सावरेपर्यंत भाभींनी तिच्या दुधाचा थेंब दिला नाही. रंजूला मी पेज पाजत होते. ती चमचा ढकलायची आणि माझ्याकडे बघायची. त्या बघण्यावर विनोद मला अजून सुचलेला नाही.

*

श्रावणी सोमवारी साऱ्या चाळीला उपास. वऱ्याचे तांदूळ आणि ताक. देठ नाही, साल नाही. मंगळवारी दूध निम्मं! दोन सोमवार असे गेल्यावर भाभी कमरेवर हात ठेवून चाळीसमोर उभ्या राहिल्या.

"तुमी सगळ्या एकाच दिवशी उपाशी का ऱ्हाता गं? वार वाटून घ्या की!"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मी शनिवार घेतला. निर्मलाताईंनी गुरुवार.

"महादेवाला चालेल ना?" मी विचारलं.

"मी सांगून ठेवलंय," निर्मलाताई म्हणाल्या. "रंजूच्या नावावर."

*

उन्हाळ्यात मात्र बादली रिकामीच राहू लागली. लोक देठसुद्धा शिजवून खायला लागले होते. रेशनच्या तांबड्या ज्वारीची भाकरी चंपीपुढे धरली, तर तिनं हुंगून मान फिरवली. हे म्हणाले, "परदेशात ही जनावरांना घालतात म्हणे. आपलं जनावर शिकलेलं दिसतंय!"

कोणी हसलं नाही. दूध अर्ध्या वाटीवर आलं होतं. भाभी म्हणाल्या, "चार दिवस पोटात काय गेलं न्हाई, तर आटंल ही. मग मलाबी बाजार दाखवावा लागंल तिला."

तेव्हा माझे सासरे, अण्णा, पारनेरहून आमच्याकडे येऊन राहिले होते. पानात शीत टाकलेलं त्यांना खपत नसे. जेवण झालं की ताटात पाणी घालून ते पिऊन टाकायचे. तांबडी ज्वारी त्यांना बाधायची, म्हणून घरातल्या मूठभर पांढऱ्या ज्वारीची एकच भाकरी मी त्यांच्यापुरती करायची.

भाभी बाजाराचं बोलल्या, त्या संध्याकाळी अण्णा अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले.

"अण्णा, बरं नाही का?"

"बरंय की. भाकरी जाड झाली सूनबाई."

ताट त्यांनी स्वतःच उचललं आणि बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मी हलक्या हातानं थापली. अर्धी ठेवून अण्णा उठले.

"जाड झाली गं."

तिसऱ्या दिवशी इतकी पातळ थापली, की तव्यावर टाकताना फाटायला आली. अण्णांनी ती उजेडाकडे धरली, निरखून पाहिली, नीट मधोमध मोडली, आणि म्हणाले, "अजून जाडच."