समोरचा काय म्हणतो?

फोनच्या पडद्यावर बोट टेकवण्याआधी बाई ते पदराला पुसायच्या. मग बटण दाबायच्या, हात झटकन मागे घ्यायच्या आणि माझ्याकडे बघून विचारायच्या, "दाबलं. आन् समोरचा काय म्हणतो?"

समोर कोणीच नसायचं. क्लासची भिंत आणि तिच्यावर वाकडं टांगलेलं घड्याळ, एवढंच.

दौंडला स्टेशनाजवळ माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. टायपिंग शिकवता शिकवता मी मोबाईलची ॲप बनवायलाही शिकवू लागलो. तयार ठोकळे पडद्यावर एकमेकांत अडकवायचे, की झालं ॲप. नवशिक्यांना सोपं जातं. कॉलेजची पोरं येतील म्हणून पाटी लावली आणि पहिल्याच दिवशी अंगणवाडीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या या बाई दारात उभ्या. "मला जमंल का?" हे त्यांनी विचारलंच नाही. "बसू कुठं?" एवढंच विचारलं.

बाई म्हणजे सगळ्यांच्याच बाई. क्लासमधल्या दोघांची नाकं त्यांनी लहानपणी पुसलेली, त्यामुळे ते दोघं बाई आल्या की आपोआप सरळ बसायचे. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, तरी मला त्या ठासून 'सर' म्हणायच्या. आणि लगेच "सर, जेवला का?" असं विचारून त्या सरची सगळी हवा काढून टाकायच्या.

पहिला धडा सोपा होता. बटण दाबलं की फोन 'नमस्कार' म्हणणार. फोन म्हणाला. बाईंनी हात जोडून त्याला नमस्कार केला.

"मी नमस्कार केल्याला त्याला कळला का?"

"नाही बाई. त्याला तसं सांगितलेलं नाही."

"मग ह्यो कसला नमस्कार? सांगा त्याला."

जर-तरचा धडा मात्र त्यांनी एका घासात गिळला. "जर पाव्हणं आलं तर च्या ठेवा, न्हाईतर भाकरी थापा. हेच की!" फक्त केलेलं काम जतन करून ठेवायचं त्यांच्या कधीच लक्षात राहिलं नाही. लाईट जायची, लॅपटॉप बंद पडायचा आणि तासभर जोडलेले ठोकळे नाहीसे व्हायचे. मी डोक्याला हात लावायचो. त्या म्हणायच्या, "काय बिघडलं? भाकरी रोज नव्यानंच थापावी लागती." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्यावर रागावायचं म्हणजे आपलाच दम घालवायचा.

त्या कशासाठी शिकतायत ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा क्लासमध्ये त्यांचा फोन वाजला. बाईंनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या, फोन ठेवला, लगेच दुसरा नंबर लावला. "अरं, दादानं पाणी सोडलंय. मोटार चालू कर जा." आणि पुन्हा ठोकळ्यांना लागल्या.

मी विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. बाईंचं माहेर शिरूर तालुक्यात, इनामगावच्या अलीकडं घोडनदीच्या काठावर. दोन भाऊ, एक विहीर, एक मोटार. पाण्याच्या बाऱ्या ठरलेल्या. आपली बारी संपली की बांधावर जाऊन दुसऱ्याला हाक मारायची, त्यानं "बरं" म्हणायचं, मग मोटार त्याची. वडिलांपासूनची रीत. पण थोरल्याच्या मुलाच्या साखरपुड्यात मानाची टॉवेल-टोपी धाकट्याच्या आधी भलत्याच पाहुण्याला दिली गेली आणि तेव्हापासून भावाभावांत बोलणं बंद. पाणी सोडलं हा निरोप मग शेतातून दौंडला बाईंकडे यायचा आणि दौंडहून परत त्याच शेतात जायचा. दोघं उभे कुठं? तर एकाची शिंक दुसऱ्याला ऐकू यावी इतक्या अंतरावर.

"किती दिस टपाल वाहू मी?" बाई म्हणाल्या. "फोनच फोनला सांगंल असं कायतरी करायचंय." मग पदरानं पडदा पुसत म्हणाल्या, "सर, भाऊबीजेला मी दोन घरं फिरते. एकीकडं ववाळते, आन् दुसरीकडं जाताना वाटंत रडून घेते. मला एकाच दारात दोघांना ववाळायचंय. मी हाय तवर."

म्हणून ते ॲप. बारी संपली की थोरल्यानं 'सोडलं' दाबायचं. धाकट्याच्या फोनमधून बाईंचा आवाज येणार, "पाणी सोडलंय रे!" हा आवाज त्यांनी क्लासमध्येच भरला, त्यामुळे मागं गाडीचा भोंगाही वाजतो. मग धाकट्यानं 'बरं, दादा' दाबायचं. ते दाबल्याशिवाय बारी पुढे सरकणार नाही.

"बाई, इथं गाडी अडेल," मी म्हणालो. "तो रुसून दाबणारच नाही. थोड्या वेळानं बारी आपोआप जाऊ द्या."

"आपोआप? मग पोचलं कुणाला?"

"पण पाणी तर मिळेल!"

"पाणी आत्ताबी मिळतंय की, सर."

माझं मत मी सोडलं नाही आणि त्यांनीही ठोकळा हलवला नाही.

बाई शिरूरला जाऊन दोघांच्या फोनवर ॲप घालून आल्या. पडद्यावर आपलं नाव आल्याशिवाय मोटारीला हात लावायचा नाही, असा शब्द दोघांकडून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या क्लासमध्ये बसल्या होत्या, फोन पुढ्यात ठेवून. चेहरा उतरलेला. "चुकलं तर मला दोन्ही दारं बंद," त्या पुटपुटल्या. उन्हाचे दिवस, धाकट्याचा कांदा पाण्याला आलेला. मलाही धाकधूक वाटत होती.

तेवढ्यात बाईंचा फोन टुणकन वाजला. पडद्यावर 'बरं, दादा'.

बाईंनी दोन्ही हात तोंडावर नेले. "दाबलं! त्यानं दाबलं!"

पुन्हा टुणकन. 'बरं, दादा'. पुन्हा. मग धडाधड, एकावर एक. क्लासमधली पोरं हसायला लागली, पण मला काहीतरी खटकलं. हा निरोप थोरल्याला जायचा, बाईंकडे कसा येतोय? मी ठोकळे उघडून पाहिले.

"बाई, निरोप तुम्ही तुमच्या फोनवर वळवलाय. तो पुढे जातच नाही!"

"मंग? निरोप माझ्याकडंच येतोय न्हवं का पहिल्यापासनं!"

एवढी वर्षं टपाल वाहून वाहून बाईंनी ॲपमध्येही स्वतःलाच टपालवाली बसवलं होतं. तिकडे धाकटा 'बरं, दादा' म्हणत सुटला होता, थोरल्याच्या फोनला त्याचा पत्ता नव्हता, म्हणून बारी सरकत नव्हती आणि कांदा उन्हात उभा होता. मी घाईघाईनं तो ठोकळा सोडवू लागलो. तोच बाईंना फोन आला, थोरल्याचा. बाईंनी भीतभीत तो उचलला आणि आवाज मोठा केला.

"आक्का, तुझं ह्ये यंत्र मोडकं हाय!"

"मोडकं न्हाई, फुटकं!" पलीकडून दुसरा आवाज आला. "दाबून दाबून बोट झिजलं माझं! शेवटी बांधावर जाऊन बोंबललो, दादा, बरं म्हणतोय न्हवं कवाधरनं!"

"व्हय, आन् मला वाटलं ह्येला साप चावला! पळतच गेलो की!"

दोघं एकाच फोनवर, एकमेकांचं बोलणं तोडत बहिणीला शिव्या घालत होते. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ऐकत होत्या. मला विचाराल तर माझ्या क्लासमध्ये बनलेलं सगळ्यात चुकीचं ॲप तेच, आणि माझं सगळ्यात लाडकंही तेच.

मी दुरुस्त करून दिलं, पण नंतर ते कोणी वापरलं नाही. भाऊ बांधावरून हाका मारू लागले. बाईंनी क्लासला येणं बंद केलं. "काम झालं की, सर. आता उगा खुर्ची कशाला अडवू?" त्या गेल्यावर मला कोणी जेवला का म्हणून विचारत नाही. चुकल्यासारखं वाटतं.

भाऊबीजेला दुपारी त्यांचा फोटो आला. एका दारात, शेजारी शेजारी दोन पाटांवर दोन भाऊ. धाकट्याच्या खांद्यावर नवा टॉवेल, डोक्यावर नवी टोपी, तिची घडीसुद्धा अजून मोडलेली नव्हती. बाई फोटोत नव्हत्या. खालच्या कोपऱ्यात फक्त त्यांचा हात आणि ओवाळणीचं ताट दिसत होतं. मी कितीतरी वेळ बघत बसलो.

थोड्या वेळानं फोन वाजला.

"सर, फोटू पाठवलाय. तुम्ही तर कायच म्हणला न्हाई!"

"बरं, आक्का," मी म्हणालो.

"आत्ता पोचलं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.