अख्खं गाव म्हणजे अकरा जण

मोर्चा आला की बाकीचे पत्रकार व्यासपीठापुढची खुर्ची धरत. विजयाताई एखाद्या दुकानाच्या पायरीवर चढायच्या आणि पर्समधून चिंचोके काढायच्या. समोरून दहा डोकी गेली की एक चिंचोका या कप्प्यातून त्या कप्प्यात. बँड वाजो, घोषणा होवोत, हात थांबायचा नाही. नाशिकच्या एका दैनिकात नव्वदच्या दशकापासून वीसेक वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या जत्रा, उरूस, मिरवणुका आणि त्यांवरून पेटणारी भांडणं लिहिली. लांब असेल तर एसटीने नाहीतर जिपेने, जवळ असेल तर लुनावर. "जत्रा काय नि भांडण काय, माणसं नवे कपडे घालूनच येतात," असं त्या म्हणायच्या.

त्यांची माझी पहिली भेट म्हणजे भांडणच. मी कॉलेज नुकतंच संपवलेली, पत्रकं लिहून लिहून तापलेली कार्यकर्ती. कलेक्टर कचेरीवरच्या आमच्या मोर्चाला मी पत्रकात 'हजारोंचा विराट जनसागर' म्हटलं होतं. ताईंनी छापलं : 'मोर्चात सुमारे एकशे चाळीस जण होते. त्यांतले काही सिग्नल सुटायची वाट पाहत होते.'

मी तडक त्यांच्या टेबलाशी. "ताई, तुम्ही विकल्या गेलात!"

"मला कोण घेणार गं?" त्यांनी शेंगदाण्यांची पुडी पुढे सरकवली. "हे खा, मग ओरड. शिव्या हव्या तेवढ्या मोठ्या दे. आकडा तेवढा खरा दे."

शेंगदाणे खाल्ले. मत बदललं नाही.

पुढे माझ्या मावशीच्या गावात तंटा झाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना लाज वाटायला हवी त्यांना ते माहीत आहे. आमच्या बौद्धवाड्याची जयंतीची मिरवणूक कायम नाल्याकडच्या वाटेने जायची. त्या वर्षी वाड्याने पारासमोरची मोठी गल्ली मागितली. फौजदार म्हणाले, "अख्ख्या गावाचा विरोध आहे. परवानगी नाही." मावशी म्हणाली, "त्याच गल्लीतून रोज ह्या पारावरल्यांच्या टमाट्याच्या क्रेटी वाहते मी. तवा कुणी अडवत नाय. गाणं म्हणत गेले तर गल्ली बाटती व्हय?"

मी एका दमात पत्रक खरडलं : 'मनुवाद्यांचं अख्खं गाव पेटून उठलं!' आणि ते ताईंना नेऊन दाखवलं.

"फौजदार म्हणतो अख्खं गाव, तूही म्हणतेस अख्खं गाव," चष्मा कपाळावर चढवत त्या म्हणाल्या. "तुम्हा दोघांपैकी कुणाला भेटलंय का ते?"

मला त्यांचा भयंकर राग आला. कारण मला ते खरंच भेटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई लुना घेऊन गावात गेल्या. दोन दिवस उंबरा न् उंबरा फिरल्या. सगळीकडे एकच प्रश्न : "मिरवणूक गल्लीतून गेली तर तुमची हरकत आहे का? आहे तर नाव छापू का?" हरकत घेणारे निघाले अकरा. तेही पारावर बसून मिशीला पीळ देत, "छापा की बाई, ठळक छापा!" ताईंनी छापली. ठळक. अकराही नावं, वडिलांच्या नावासकट.

पेपर गावात पोचला आणि मजा सुरू झाली. सकाळीच एक जण ऑफिसात हजर. मुलाची सोयरीक नाशकात ठरत होती. मुलीकडच्यांनी पेपर वाचला होता. "ताई, माझं नाव काढा. मी नुसता बसलो होतो." दुसऱ्या दिवशी चौकट आली : 'सदर गृहस्थ पारावर केवळ सावलीसाठी बसले होते, असे त्यांनी कळविले आहे. विरोधकांची संख्या आता दहा.' मग रांगच लागली. एकाला ऐकू कमी येत होतं. एकाला वाटलं, रेशनकार्डाची चौकशी आहे. संपादक वैतागले, "बाई, हा स्कोअरबोर्ड किती दिवस?" ताई म्हणाल्या, "माणसं सुधारतायत, आपण छापायलाही नको?"

जयंतीच्या आदल्या दिवशी आकडा दोनवर आला. दोन माणसांना अख्खं गाव म्हणणं फौजदारांनाही जमेना. परवानगी मिळाली.

मिरवणूक गल्लीत शिरली तेव्हा मावशी सगळ्यांत पुढे होती, नव्या निळ्या लुगड्यात, घसा फाटेस्तोवर गात. मी ताईंना शोधत होते. म्हटलं, या बाईला खांद्यावर घ्यायचं. बघते तर ताई पारावर! आमच्याकडे पाठ करून, त्या उरलेल्या दोघांसमोर वही उघडून बसलेल्या.

"ताई, या ना!" मी ओरडले.

"थांब गं, यांचं राहिलंय," मान न वळवता त्या म्हणाल्या.

मी संतापले. "मावशी, बघितलंस? आजच्या दिवशी यांना त्यांचं लिहायचंय!"

मावशी दम खात क्षणभर थांबली. पाराकडे बघून हसली. "लिहू दे की गं. इतकी वर्सं नाय म्हनत आले, पन का नाय, ते कुनी इचारलंच न्हवतं त्यांना."

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीच्या बातमीखाली त्या दोघांचं म्हणणं शब्दशः आलं. अर्धा तास विचारून ताईंच्या वहीत उतरलेलं सगळं एवढंच : 'आजवर गेली नाही, म्हणून जाऊ नये. दुसरं कारण आठवत नाही.' खाली दोघांची नावं, वय आणि राहणार.

आम्ही काढलेल्या कुठल्याही पत्रकापेक्षा ते जहाल होतं. ताई गेल्या, तरी त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.