सोनौलीवरूनच जायचं

आमच्या सासूबाईंना, शकुबाईंना, रागवायला कारण लागत नाही. पण एक राग त्यांनी जिवापाड जपला होता, तो सासऱ्यांवरचा. सासरे वारले २००१ साली. राग मात्र पुढं सहा वर्षं ठणठणीत होता.

सासरे भिकन ट्रक चालवायचे. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरायचा आणि थेट नेपाळच्या हद्दीवर, सोनौलीला. नव्वद सालानंतर दहा-बारा खेपा तरी केल्या असतील. तिथं कस्टमच्या रांगेत ट्रक दोन-दोन दिवस उभा. माल पलीकडच्या गाडीत चढवला की परत. आणि लुंबिनी तिथून तासाभरावर. आम्ही बौद्ध माणसं. बुद्धाचा जन्म झाला ती जागा इतकी जवळ असताना कोण नाही जाणार? सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की हा माणूस गुपचूप जाऊन आला आणि मला कधी नेलं नाही.

सासरे शेवटपर्यंत म्हणायचे, "गेलो नाय, शकू." सासूबाईंचा विश्वास नाही, कारण एका खेपेनंतर ट्रकच्या कागदांत पिंपळाचं पान सापडलं होतं. आमच्या वस्तीत लुंबिनीला नाहीतर बुद्धगयेला जाऊन आलेलं माणूस तिथलं पिंपळाचं पान आणतंच. विहारातल्या काचेच्या कपाटात अशी पानं ज्याच्या त्याच्या नावानिशी लावलेली आहेत. सासरे म्हणाले, हे सोनौलीच्या चहाच्या टपरीजवळच्या झाडाचं, बरं दिसलं म्हणून ठेवलं. "पिंपळगावात पिंपळाला दुष्काळ पडला व्हता काय?" असं म्हणून सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला.

२००७ साली माझ्या नवऱ्यानं, धम्मपालनं, आईला लुंबिनी दाखवायचं ठरवलं. तो नाशिकजवळ अंबडला कंपनीत कामाला. त्याच्या डोक्यात विमान शिरलेलं. मुंबईहून काठमांडू, की झालं. नकाशा कोण बघतो? शेजारच्या रावजी गुरुजींनी दाखवला तेव्हा कळलं, की लुंबिनी आपल्या हद्दीला चिकटून आहे आणि काठमांडूला उतरून दिवसभर बसनं उलटं खाली यावं लागतं. धम्मपाल म्हणाला, "असू दे. आईनं एकदा विमानात बसायला पाहिजे." खरं सांगू का, मलाच बसायचं होतं.

सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला सोनौलीवरून न्या. नायतर मी येत नाय."

"अहो आई, दीड दिवस रेल्वे, वर जीपचे धक्के. गुडघ्यांचं काय?"

"गुडघे माझे हायेत."

माझं डोकं फिरलं. ह्यांच्या हट्टापायी माझं विमान चाललं होतं. मी म्हटलं, विमानात एवढं वाईट काय आहे ते तरी सांगा.

मेथीची जुडी त्यांनी खाली ठेवली. "तिथं कस्टमसमोर एक चहावाला हाय, रामबिलास. नाशिकचे डायवर त्याच्याकडंच बसायचे. त्याला इचारायचंय. तुझा सासरा माझ्याशी खोटं बोलला का नाय, हे मला विमानात कोण सांगणार? उद्या मी मेले तर हे तसंच राहील."

विमान गेलं खड्ड्यात. आम्ही नाशिकरोडला रेल्वेत बसलो, गोरखपूरला उतरलो आणि जीपमध्ये कोंबून घेत सोनौलीला पोचलो. सगळ्या वाटेत मी धुसफुसत होते आणि त्या मला शेंगदाण्याचे लाडू देत होत्या.

सोनौली म्हणजे नुसती धूळ आणि ट्रकच ट्रक. रामबिलासची टपरी लगेच सापडली. पिंपळाखालीच होती. म्हातारा झाला होता. नाव सांगून त्याला काही आठवेना. मग सासूबाईंनी पिशवीतून फोटो काढला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "अरे, ये तो नासिकवाले. प्याजवाले."

पुढचं मीच विचारलं. लुंबिनीला गेले होते का हे कधी?

म्हातारा हसला. बाकीचे ड्रायव्हर जीप करून जाऊन यायचे, म्हणाला. ह्यांना मी दर खेपेला म्हणायचो, जा, ट्रकवर लक्ष ठेवतो. पण हे आपले इथंच बसून राहायचे. म्हणायचे, घरवाली को लाऊँगा, तब साथ में जाऊँगा. आम्ही थट्टा करायचो त्यांची.

सासूबाई बाकावर बसल्या. फोटोकडं बघून म्हणाल्या, "येडा माणूस. जाऊन यायचं व्हतं ना. मी काय खाल्लं असतं का?" आणि रडायला लागल्या. मीही रडले. रडता रडता सासऱ्यांचा रागही आला मला. 'गेलो नाय' म्हणताना पुढचं अर्धं वाक्य बोलायला या माणसाचं काय जात होतं? न्यायचं कधी जमलं नाही हे खरं. मालक बायकांना ट्रकमध्ये बसू देत नव्हता, आणि हंगामात सासूबाई द्राक्षाच्या पॅकहाऊसला कामाला. पण सांगायचं तरी.

धम्मपालनं पलीकडं जायला जीप ठरवली. नेपाळच्या हद्दीवरच्या कमानीपाशी आल्यावर सासूबाई थांबल्या.

"चला आई, ऊन लागतंय."

"थांब गं. त्यानं इतकी वर्सं हितं वाट बघितली माझी. मला घटकाभर उभं राहू दे."

राहिल्या. दुखऱ्या गुडघ्यांवर, भर रस्त्यात. जीपवाला हॉर्न वाजवत होता, धम्मपाल त्याला हातानं थोपवत होता. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला, फोटो दोन्ही हातांत धरला आणि "चला हो" म्हणत कमान ओलांडली.